सोन्याचं पेन : त्यात सोनं किती, कुठे आणि कसं ओळखायचं

'सोन्याचं पेन' हे दोन शब्द आपण पाच वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरतो. एखाद्या पेनाची नुसती निब सोन्याची असते. एखाद्याला सोन्याचं पाणी दिलेलं असतं. एखाद्याच्या पितळी अंगावर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेला असतो, एखादं चांदीचं असून वर मुलामा असतो. आणि फार थोड्या पेनांचं टोपण आणि नळी दोन्ही सोन्याच्या पत्र्यातून घडवलेली असतात. संग्राहक 'सॉलिड गोल्ड' म्हणतात ते या शेवटच्या पेनाला. त्याचं मराठी आपण 'भरीव सोनं' असं करतो आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते, कारण ते भरीव मुळीच नसतं. सोन्याची भिंत बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असते, आत एबोनाइटची (गंधक घालून कडक केलेल्या रबराची) किंवा प्लास्टिकची नळी, शाईची पिशवी, स्टीलच्या स्प्रिंगा. 'सॉलिड'चा अर्थ इतकाच की वापरलेला पत्रा आरपार एकाच मिश्रधातूचा आहे, खाली पितळ नाही.

म्हणून पेन हातात आलं की ते किती ग्रॅमचं आहे हा प्रश्न नंतरचा. आधी पाहायचं ते हे की त्यातला नेमका कोणता भाग सोन्याचा आहे.

कॅरेट आणि थर

सराफाच्या दुकानात आपला कान २२ कॅरेटला सरावलेला असतो. पेनांच्या जगात २२ कॅरेट क्वचितच भेटतं. तिथे ९, १४ आणि १८ चालतात. हजार भागांत शुद्ध सोनं अनुक्रमे ३७५, ५८५ आणि ७५०. कारण साधं आहे. टोपणाच्या क्लिपला स्प्रिंगसारखा ताण लागतो आणि नळीची भिंत बोटाच्या दाबाने आत जाता कामा नये. २२ कॅरेटची क्लिप दहा वेळा खिशाला लावली की वाकलेलीच राहील. १८ कॅरेटची क्लिपसुद्धा १४ च्या मानाने लवकर सैलावते. इंग्लंडमध्ये बनलेली पेनं बरीचशी ९ कॅरेटची, अमेरिकेतली १४ ची, फ्रान्स-इटलीतली १८ ची. ९ कॅरेटला आपल्याकडे नाक मुरडतात, पण रोज वापरायच्या पेनाला ते पुरेसं टणक असतं. एक मात्र खरं, त्यात तांबं-चांदी जास्त असल्याने ते काळवंडतंही जास्त.

आता अस्सल सोन्याच्या भावात सहज खपून जाणारा प्रकार : पत्रा चढवलेलं पेन. इंग्रजीत 'गोल्ड फिल्ड' किंवा 'रोल्ड गोल्ड'. पितळेच्या जाड पट्टीवर सोन्याची पट्टी उष्णतेने आणि दाबाने जोडतात आणि दोन्ही एकत्र लाटून पत्रा काढतात. अशा टोपणावर '१/२० १४ के जी.एफ.' असं कोरलेलं असतं. अर्थ असा : धातूच्या एकूण वजनाचा विसावा भाग १४ कॅरेट सोनं. ८ ग्रॅमच्या टोपणाचा हिशेब मांडून पाहा. त्याचा विसावा भाग ०.४ ग्रॅम, त्यातलं शुद्ध सोनं ०.२३ ग्रॅम. तेच ८ ग्रॅमचं टोपण सगळं १४ कॅरेटचं असतं, तर शुद्ध सोनं ४.६८ ग्रॅम. फरक बरोबर वीस पट, आणि दुकानाच्या काचेआडून दोन्ही टोपणं हुबेहूब सारखी दिसतात.

विजेवर दिलेलं सोन्याचं पाणी तर याहूनही पातळ. १/२० च्या पत्र्यात सोन्याचा थर साधारण १०-१५ मायक्रॉन निघतो; साध्या पाण्यात तो एखाद-दोन मायक्रॉनही नसतो. काही फ्रेंच पेनांवर २० मायक्रॉनचा मुलामा असतो आणि तो चाळीस-पन्नास वर्षं टिकतोही. पण तरी तो मुलामाच.

निबचं वेगळं सांगायला हवं, कारण नवख्याची पहिली चूक इथेच होते. निबवर '१४ के ५८५' दिसतं आणि विकणारा म्हणतो, 'बघा, छाप आहे.' ती छाप फक्त निबची. प्लास्टिकच्या साध्या पेनालाही १४ कॅरेटची निब असू शकते. अशा निबचं वजन बहुधा ग्रॅमभरही नसतं आणि टोकाचा मणी तर सोन्याचा नसतोच; तो इरिडियम, ऑस्मियम, रुथेनियम अशा कठीण धातूंच्या मिश्रणाचा असतो.

छाप वाचायची कशी

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, उजेड एका बाजूने तिरका पडू द्या. टोपणाच्या कडेला, क्लिपच्या मुळाशी, नळीवर, शाई भरायच्या लिव्हरवर, सगळीकडे छाप शोधा. एका जागी सापडली म्हणून थांबू नका. टोपण १४ कॅरेटचं आणि नळी जी.एफ., अशी जोडलेली पेनं बाजारात पुष्कळ फिरतात. काही कंपन्यांनीच तशी बनवली होती, काही नंतर कुणी हौसेने किंवा लबाडीने जुळवली. पार्कर ५१ हे याचं ठळक उदाहरण. त्याची नळी बहुधा प्लास्टिकची. टोपण मात्र स्टीलचं, पत्रा चढवलेलं किंवा पूर्ण सोन्याचं असू शकतं. त्याच्या कडेवर '१/१० १६ के' असेल तर पत्रा चढवलेला. अपूर्णांक नसून नुसतं '१४ के' असेल तर टोपण सोन्याचं. टोपण आणि नळी दोन्ही सोन्याची असलेल्या पार्करला 'प्रेसिडेन्शियल' म्हणत. हे नाव ५१ ला होतं, पुढे ६१ आणि ७५ लाही मिळालं.

अपूर्णांक दिसला की सोनं वरवरचं, हा नियम लक्षात ठेवला तरी निम्मी फसगत टळते. उरलेली निम्मी अक्षरांत दडलेली असते. इंग्लंडात आर.जी. म्हणजे रोल्ड गोल्ड. जी.पी. म्हणजे पाणी दिलेलं. जर्मन पेनांवर 'डूब्ले', फ्रेंच पेनांवर 'प्लाके ओर' असेल तर तेही वरवरचंच. सगळ्यात फसवी छाप इटलीची : '१८ के.आर.'. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतल्या कारागिरांनी वॉटरमनसारख्या परदेशी पेनांवर फार देखणी नक्षीदार आवरणं चढवली. त्यावर ही छाप असते. 'आर' पुसट झालेला असला की '१८ के' एवढंच वाचलं जातं, आणि पत्र्याचं पेन सोन्याच्या भावात जातं. नक्षी म्हणून ती पेनं घेण्यासारखी जरूर आहेत, पण पत्र्याच्या भावात.

'९२५' हा आकडा दिसला तर ते चांदीचं. माँब्लां कंपनीच्या सॉलिटेअर मालिकेतली सोनेरी पेनं पाहून अनेकजण 'सोन्याचं माँब्लां' म्हणून हुरळतात. त्यातली बरीच 'व्हर्मे' आहेत, म्हणजे स्टर्लिंग चांदीवर सोन्याचा मुलामा. तो झिजला की खालून पांढरा धातू दिसायला लागतो.

वॉटरमनच्या जुन्या पेनांवर तर अख्खी किल्लीच कोरलेली आहे. लिव्हरने शाई भरायच्या पेनांवर ५२, ५४ असे आकडे असतात. शेवटचा आकडा निबचा नंबर, त्याआधीचा ५ म्हणजे लिव्हर. त्याच्याही डावीकडे ४ असेल तर चांदीचं आवरण, ५ असेल तर सोन्याचं. म्हणजे ४५२ चांदीचं, ५५२ सोन्याचं. पण ०५५२ असेल तर? पत्रा चढवलेलं. पुढच्या त्या एका शून्याने सोनं विसाव्या हिश्श्यावर येतं. विकणारा 'वॉटरमन ५५२' म्हणत असेल तर त्याच्याकडून त्या आकड्याचा फोटो मागवा, आणि आकड्याच्या डावीकडची जागाही फोटोत येईल असा मागवा.

सरकारी छापांमध्ये इंग्लंडची पद्धत सर्वांत बोलकी आहे. तिथे बनवणाऱ्याचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा, तपासणी कार्यालयाचं चिन्ह (लंडनचा बिबट्याचा मुखवटा, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर) आणि वर्षाचं अक्षर (१९९९ पर्यंत सक्तीचं) अशी ओळ असते. अक्षराच्या वळणावरून आणि त्याभोवतीच्या चौकटीच्या आकारावरून वर्ष नेमकं काढता येतं. एक बारकावा : १९७५ च्या आधी मुकुटाची छाप फक्त १८ आणि २२ कॅरेटला मिळत असे, ९ कॅरेटवर नुसतं '९ .३७५' असायचं. त्यामुळे १९५५ च्या ९ कॅरेट टोपणावर मुकुट नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. उलट तिथे मुकुट दिसला तर शंका घ्या. फ्रान्समध्ये १८ कॅरेटला गरुडाच्या डोक्याची इवलीशी छाप असते, ती १८३८ पासून चालत आली आहे. क्लिपच्या आडोशाला ती अशी बसवलेली असते की भिंगाशिवाय ओरखडाच वाटावी.

अमेरिकेत अशी सरकारी तपासणी नाही. १९०६ च्या कायद्याने बनवणाऱ्याने स्वतः छाप मारायची, आणि त्या कायद्यात अर्ध्या कॅरेटची सूट होती. डाग देऊन (सोल्डरने) जोडलेल्या वस्तूला तर पूर्ण एक कॅरेटची. ही सूट १९८१ पासून आवळली गेली. म्हणजे १९४५ च्या '१४ के' पेनाचा टंच काढल्यावर साडेतेराच्या आसपास निघाला, तर ते त्या काळच्या कायद्याला धरूनच होतं.

झीज काय सांगते

छाप खोटी मारता येते, झीज खोटी करणं अवघड. टोपणाची खालची कड, क्लिपच्या टोकाचा गोळा, लिव्हरचं टोक, टोपण मागे लावल्यावर नळीवर जिथे घासतं ती रेघ, या चार जागा भिंगाखाली पाहा. पत्र्याच्या किंवा पाण्याच्या पेनावर तिथे सोनेरी पिवळ्याला लागून पितळेचा किंचित हिरवट-करडा पिवळा दिसतो आणि दोन रंगांमध्ये कड असते. सोन्याच्या पेनावर नक्षी झिजून सपाट झालेली दिसेल, पोचे दिसतील, पण रंग बदलणार नाही. तपकिरी-काळपट छटा मात्र सोन्याच्या पेनावरही येते, विशेषतः ९ आणि १४ कॅरेटवर. तिला पितळ समजू नका. ते मिश्रणातलं तांबं आणि चांदी गंधकाने काळवंडलेलं असतं, आणि गंधक बहुतेक वेळा पेनाच्या पोटातूनच येतं. शाईची रबरी पिशवी आणि एबोनाइट, दोन्हींत गंधक असतं. मऊ कापडाने पुसून छटा उतरली तर काळवंडलेलं होतं. उतरली नाही आणि कड दिसली तर पितळ.

पाण्यातलं वजन

घनतेची कसोटी घरी करता येते. तिच्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, पाण्याचा पेला आणि बारीक धागा एवढंच लागतं. अट एकच : तपासायचा भाग नुसता धातूचा हवा. टोपणाच्या आत प्लास्टिकचं अस्तर असतं, क्लिपखाली स्टीलची स्प्रिंग असते. ते न काढता केलेली मोजणी फुकट जाते. आणि एबोनाइटला चिकटलेलं आवरण असेल तर ही कसोटी करूच नका. पाणी फटीत शिरतं, एबोनाइट तपकिरी पडतं, आकडाही चुकीचा येतो.

सुटं केलेलं टोपण आधी कोरडं तोला. समजा ९.१० ग्रॅम भरलं. मग पेला काट्यावर ठेवा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, काटा शून्यावर आणा. टोपण धाग्याने टांगून पूर्ण बुडवा; तळाला आणि कडेला लागू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तो टोपणाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. ०.७० आला तर ९.१० भागिले ०.७०, म्हणजे १३.०. १४ कॅरेट पिवळं सोनं साधारण याच घनतेचं असतं. १८ कॅरेट १५ ते १६ च्या घरात, ९ कॅरेट ११ च्या थोडं वर, स्टर्लिंग चांदी १०.४ च्या आसपास, पितळ साडेआठ. हेच टोपण पितळेचं असतं तर काट्याने १.०७ दाखवलं असतं. एवढ्या फरकात चूक व्हायला जागा नाही.

चूक होते ती ९ कॅरेट आणि चांदीवरचा मुलामा यांच्यात. ९.१० ग्रॅमला पहिल्याचा आकडा ०.८१ येईल, दुसऱ्याचा ०.८८. आणि टोपणाच्या आत ४ मिलिमीटरचा एक हवेचा बुडबुडा अडकला तरी तो एकटाच ०.०३ ची भर घालतो. असे दोन बुडबुडे राहिले की सोनं चांदी ठरतं. साबणाचा थेंब त्यासाठीच. टोपण तिरकं बुडवायचं, आत हवा राहिली नाही ना ते पाहायचं, तीनदा मोजायचं.

सराफाकडे जायचं तर काय होतं तेही माहीत हवं. कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ वरच्या थराचीच असते. एक्स-रे यंत्रही पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच वाचतं. १/१० १६ केच्या पत्र्यात सोन्याचा थर २५ मायक्रॉनच्या आसपास असू शकतो, आणि त्यावर यंत्र बिनदिक्कत '६६ टक्के सोनं' असा कागद काढून देतं. सराफ खोटं बोलत नसतो. त्याच्या यंत्राला खालचं पितळ दिसलेलंच नसतं. म्हणून यंत्राचा ठिपका झिजलेल्या कडेवर आणि टोपणाच्या आतल्या बाजूला ठेवायला सांगा. कानस मारू देऊ नका. दागिन्याला कानशीचा एक वण चालतो, नक्षीदार नळीला चालत नाही.

किंमत तीन हिश्श्यांत

पहिला हिस्सा मोडीचा. पूर्ण पेन ३८ ग्रॅमचं असेल आणि आतलं सगळं काढल्यावर १४ कॅरेटचा धातू २४ ग्रॅम भरत असेल, तर शुद्ध सोनं २४ गुणिले ०.५८५, म्हणजे १४.०४ ग्रॅम. त्या दिवशीच्या २४ कॅरेटच्या भावाने गुणा, घट आणि आटवणी वजा करा. हा झाला तळ. उघडून तोलता येत नसेल तर त्याच मॉडेलचं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं भावंड तोलून अंदाज बांधतात.

दुसरा हिस्सा पेनाचा : कंपनी, मॉडेल, किती बनली, निब कशी लिहिते. तिसरा अवस्थेचा. या तिन्हींतलं प्रमाण सोन्याच्या भावाबरोबर सतत हलत असतं. १९३४ ते १९७१ सोन्याचा अधिकृत अमेरिकी भाव औंसाला ३५ डॉलर होता. तेव्हा सोन्याच्या पेनात महाग असायची ती घडणावळ. एव्हरशार्प कंपनी १९४० च्या दशकात 'टेक इट ऑर लीव्ह इट' या रेडिओवरच्या प्रश्नमंजूषेची प्रायोजक होती. तिथलं सर्वांत मोठं बक्षीस ६४ डॉलर, म्हणून कंपनीने ६४ डॉलरचाच पेन-पेन्सिल संच काढला. सोन्याचा भाव चढला तसं हे गणित उलटलं. १९८० च्या जानेवारीत भाव ८५० डॉलरला टेकला तेव्हा पोचे आलेली, नाव कोरलेली, निब तुटलेली पेनं आधी मुशीत गेली, कारण संग्राहक त्यांना मोडीपेक्षा जास्त देत नव्हता. आजही ९ कॅरेटची साधी इंग्रजी पेनं बऱ्याचदा मोडीच्या थोड्याच वर मिळतात. सुरुवात करायला तीच बरी : पुढे विकताना तोटा झाला तर घडणावळीचा होईल, सोन्याचा नाही.

नाव कोरलेल्या पेनाला बाजारात सर्रास बट्टा लागतो. आमचं मत उलटं आहे. नाव आणि तारीख स्वच्छ कोरलेली असेल तर ते पेन कधी, कुठे दिलं गेलं हे कळतं, आणि वर ते स्वस्तही मिळतं. टाळायचं ते नाव घासून काढलेलं पेन. पातळ भिंतीतून कोरीव अक्षरं घालवायची म्हणजे तेवढी भिंतच खाली आणायची. उजेडात नळी हळूहळू फिरवा. प्रकाशाची रेघ एखाद्या जागी खोलगट झाली की समजावं.

मर्यादित आवृत्त्यांची वाट वेगळी आहे. माँब्लांच्या कलाश्रयदात्यांवरच्या मालिकेत एकाच विषयाची दोन पेनं येत : ४८१० नगांची आवृत्ती आणि ८८८ नगांची. ४८१० हा माँ ब्लां शिखराच्या उंचीचा आकडा. सोनं हवं तर ते ८८८ च्या आवृत्तीत. खोका, कागदपत्रं, नगाचा क्रमांक यांच्याशिवाय अशा पेनाचा भाव चांगलाच उतरतो, आणि एकदा शाई भरली की आणखी. म्हणजे ही लिहायची पेनं राहतच नाहीत. याच कंपनीने २००९ मध्ये महात्मा गांधींच्या नावाने १८ कॅरेट पांढऱ्या सोन्याची २४१ पेनं काढली. दांडीयात्रेच्या २४१ मैलांवरून तो आकडा घेतलेला; किंमत दहा लाखांच्या वर. बोरूने लिहिणाऱ्या माणसाच्या नावाने हे, म्हणून टीका झाली, प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये भारतातली विक्री थांबली.

पोटातली दुरुस्ती

जुनं लिव्हरचं पेन मिळालं की पहिला मोह लिव्हर उचलून पाहायचा. तो आवरा. आतली रबरी पिशवी वाळून लाकडासारखी झालेली असते. लिव्हर तिच्यावर दाबली की पिशवी हलत नाही, लिव्हरची पिन वाकते आणि सोन्याच्या आवरणात कापलेली खाच फाकते. ती खाच पुन्हा पूर्वीसारखी बसवणारे कारागीर फार थोडे आहेत.

निबखालची पकड, म्हणजे बोटांनी धरायचा भाग, केस वाळवायच्या यंत्राने हळूहळू गरम करायची, साधारण ६० अंशांपर्यंत. हाताला चटका बसेल पण बोट ठेवता येईल इतपत. सोनं उष्णता झपाट्याने पसरवतं, त्यामुळे एबोनाइटच्या साध्या पेनापेक्षा इथे वेळ कमी द्यायचा. एबोनाइट थोडं सैलावतं. मग रबराच्या तुकड्याने धरून किंचित पिळत पकड बाहेर काढायची. पक्कड वापरायची नाही, तिचे दात सोन्यावर जन्मभर राहतात. जुन्या पिशवीचे तुकडे खरवडून काढायचे, नवी पिशवी नळीच्या आतल्या लांबीपेक्षा थोडी आखूड कापायची, लाखेच्या द्रावणाने चिकटवायची, रात्रभर वाळू द्यायची, वरून शंखजिऱ्याची पूड लावून आत सरकवायची. इन्स्टंट गोंद लावला तर पुढच्या दुरुस्तीच्या वेळी पकड फुटते.

सोन्याचं आवरण एबोनाइटवर गरगर फिरतंय असं आढळलं तर घाबरू नका. शंभर वर्षांत एबोनाइट आकसतं, सोनं आकसत नाही. लाखेचे दोन थेंब पुरतात.

पोचे काढायला टोपणाच्या आतून मापाची स्टीलची दांडी घालून बाहेरून घोटतात. सोनं मऊ असल्याने ते होतंही, पण नक्षीवरचा पोचा काढताना नक्षी पसरते. नक्षीदार पेनाचा लहान पोचा तसाच ठेवलेला बरा. आणि चकचकीत पॉलिश? नको. यंत्राने कोरलेल्या बारीक रेघा प्रत्येक पॉलिशला गुळगुळीत होत जातात आणि छापही पुसट होते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं कापड, साबणाचा थेंब, मग कोरडं कापड, एवढ्यावर भागवावं. क्लोरीनचं ब्लीच निबच्या जवळपासही नको : कमी कॅरेटच्या सोन्यात ते ताण असलेल्या जागी तडे पाडतं, आणि निबची चीर ही नेमकी तशी जागा.

आपल्याकडे घेताना, ठेवताना

दागिन्यांवर बीआयएसचा हॉलमार्क आणि सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक पाहायची आता सवय झाली आहे. फाउंटन पेनं मात्र २०२१ पासूनच्या या सक्तीतून घड्याळांसह वगळलेली आहेत. म्हणजे भारतात सोन्याचं पेन हॉलमार्कशिवाय विकणं बेकायदा नाही, आणि म्हणूनच बिलावर कॅरेट, कोणकोणते भाग सोन्याचे आणि सुट्या धातूचं वजन लिहून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. परदेशातल्या लिलावातून घेत असाल तर पुकारलेल्या भावावर लिलावघराचं कमिशन साधारण पाव हिस्सा चढतं, त्यावर वाहतूक, विमा आणि इथलं सीमाशुल्क. काही कुरिअर कंपन्या मौल्यवान धातूची वस्तू घेतच नाहीत, आधी विचारा. विक्रेता 'साधं पेन' असं लिहून पाठवतो म्हणाला तर नको म्हणा. वाटेत हरवलं तर विमा मिळत नाही आणि सापडलं तर सीमाशुल्क खातं ठेवून घेतं.

मुंबई-कोकणच्या हवेत सोन्याला काही होत नाही, आतल्या स्टीलला होतं. लिव्हरची दाबपट्टी आणि क्लिपखालची स्प्रिंग गंजून तुटते आणि तिची टोकं आतून रुततात. पावसाळ्यापूर्वी पेन धुऊन, निब खाली करून दोन दिवस वाळवा, प्रत्येक पेन वेगळ्या सुती पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेल. रबरबँड किंवा रबरी फोम डब्यात नको, गंधक तिथूनही येतं. लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लक्षात घ्या : आग, चोरी किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याच्या अफरातफरीने नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. त्यावरच्या रकमेचा विमा स्वतंत्र काढावा लागतो, आणि विमा कंपनी छापांचे फोटो आणि सुट्या भागांची वजनं मागते. पेन दुरुस्तीला उघडलं असेल त्या दिवशीच ती वजनं लिहून ठेवा. नुसत्या वजनासाठी ते पुन्हा उघडायचं म्हणजे जुन्या एबोनाइटला आणखी एकदा गरम करणं आलं.